गीझरमध्ये क्षार साचतात : सॉफ्टनर, आरओ की आणखी काही? (इंदूर, बोरिंगचं पाणी)

सुदामानगर_इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि ते हौदात घेतो. बाकी वेळ बोरिंग. दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीत चढतं. गीझर उभा, १५ लिटर, २ किलोवॅट. तापताना आतून खडखड आवाज येतो, नळाच्या जाळीत पांढरे कण अडकतात, आणि आता मधूनच लाइट ट्रिप होते. एका दुकानात सांगितलं की टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं प्रमाण) ९०० आहे, आरओ किंवा सॉफ्टनर लावा. दुसरीकडे नळीवर बसवायचं चुंबक सुचवलं. घरात चार माणसं. काय घेणं योग्य?

वायरमन_काका
आधी ट्रिपचं बघा ताई, खरेदी नंतर. बोर्डात नेमकं काय पडतं? एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडत असेल तर शॉर्ट किंवा जास्त लोड. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती पकडणारा स्विच) पडत असेल तर करंट लीक होतोय, आणि गीझरमध्ये त्याचं नेहमीचं कारण म्हणजे एलिमेंटच्या नळीला गेलेली चीर. नळीच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ती ओल धरते आणि करंट बाहेरच्या धातूवर, तिथून पाण्यात उतरतो. तपासणी होईपर्यंत गीझर बंदच ठेवा. आरसीसीबी काढून थेट जोडून देतो असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा.

तपासणी अशी. सप्लाय बंद करून वायरी सोडवायच्या आणि मल्टिमीटरने एलिमेंटच्या दोन टोकांमधला ओहम बघायचा. २ किलोवॅट, २३० व्होल्टला तो २६ च्या आसपास यायला हवा. मग एक टोक आणि बाहेरची धातूची नळी यांच्यात मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारा मीटर, लावायचा. रीडिंग मेगओहममध्ये आलं तर ठीक, किलोओहममध्ये उतरलं तर एलिमेंट बदला. साधा मल्टिमीटर इथे फसवतो, कारण त्याचा स्वतःचा व्होल्टेज अगदी कमी असतो.

रसायनवाला
काकांचं झालं की पाण्याकडे वळा. टीडीएस आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानातला मीटर यातली फक्त पहिली सांगतो, तीही पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून अंदाजाने. मिठाच्या पाण्याचा टीडीएस भरमसाट येईल, पण गीझरमध्ये एक कणही साचणार नाही. तिथे साचतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि कठीणपणा म्हणजे त्यांचंच प्रमाण. माळव्याच्या पठाराखाली बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांतून मुरताना पाणी हे दोन्ही सोबत घेतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून ठेवतं. तापवलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं उलटं असतं. म्हणून सगळ्यात जाड थर सगळ्यात गरम जागी, म्हणजे एलिमेंटवरच चढतो. खडखड आवाज त्या थराखाली कोंडलेल्या वाफेच्या बुडबुड्यांचा.

मोजायला थेंबांचं हार्डनेस टेस्ट किट घ्या, मत्स्यालयाच्या दुकानातही मिळतं. पाण्यात किटमधला सूचक (रंग बदलून दाखवणारं रसायन) टाकला की रंग लालसर होतो. मग एकेक थेंब टाकून हलवत राहायचं. लाल जाऊन जांभळट झाला की सावकाश व्हा, आणि स्वच्छ निळा झाला की थांबा. थेंबांच्या संख्येवरून कठीणपणा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये निघतो. बोरिंग, नर्मदा आणि टाकीतलं मिश्रण, तिन्ही वेगवेगळी मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवतात.

किट येईपर्यंत साबणाची परीक्षा करा. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत नर्मदा, दुसरीत बोरिंग. वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण) लिहिलेला आंघोळीचा साबण किसून पाण्यात विरघळवा, दोन्हीत सारखे थेंब टाका आणि जोरात हलवा. कठीण पाण्यात फेस येत नाही, दह्यासारखा साका तरंगतो. शाम्पू किंवा कपड्यांची पावडर वापरलीत तर दोन्हीत फेस येईल आणि काहीच कळणार नाही.

सियागंजकर
चुंबकावर पैसे घालू नका. त्याने कॅल्शियम पाण्यातून निघत नाही, आणि घरगुती वापरात भरवसा ठेवावा असा परिणाम दिसत नाही. आंघोळीच्या पाण्याला आरओही नको. निम्म्याहून जास्त पाणी नाल्यात जातं आणि धार अगदी बारीक. एलिमेंट धुवायला सियागंजातून खडा निंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड, अर्धा किलो आणा. आणि क्षारामुळे वीजबिल दुप्पट येतं, तेही वाचेल.

रसायनवाला
निंबूसत बरोबर, पण बिलाचा मुद्दा दुरुस्त करतो. गीझरचं एलिमेंट पाण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे थर कितीही जाड असला तरी त्याची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण ०.६ युनिट लागतं, थर असो वा नसो, आणि २ किलोवॅटला सुमारे १८ मिनिटं. नुकसान वेगळीकडे होतं. थराआड एलिमेंट लालबुंद होऊन जळतं, थर्मोस्टॅटच्या कांडीवर क्षार बसले की तो वीज उशिरा तोडतो, आणि तळाशी खच साचून १५ लिटरचा गीझर प्रत्यक्षात कमी पाणी देतो.

वायरमन_काका
आता साफसफाई. एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, पाण्याची आवक बंद करा आणि गरम नळ उघडा. आवकेच्या बाजूला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो. तो सोडवल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही, आणि इथेच लोक अडकतात. खालचं झाकण काढून वायरींचा फोटो घ्या. थर्मोस्टॅट ओढून काढा, फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट बसवलेल्या चकतीचे, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे ढिले करा. खाली बादली धरा, क्षारांचे पापुद्रे एकदम कोसळतात.

एलिमेंटसोबत ॲनोड रॉड बाहेर येईल. तो आधी वेगळा करा. मॅग्नेशियमचा असतो, ॲसिडमध्ये टाकलात तर तोच विरघळेल. गीझरमध्ये त्याचं काम टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजण्याचं. निम्मा बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर नवा घ्या. महाराणी रोडला मिळतो, पण आट्यांचं माप वेगवेगळं असतं म्हणून जुना दाखवायला न्या. घाईघाईत मेकॅनिक रॉड न बसवताच फ्लँज बंद करतात, मग टाकी गळते. समोर उभं राहून बसवून घ्या.

प्लॅस्टिकच्या बादलीत कोमट पाणी, लिटरला ५० ग्रॅम निंबूसत. एलिमेंटचा पाण्यातला भागच बुडवा, वायरीची टोकं कोरडी राहू द्या. फेस थांबूनही थर शिल्लक असेल तर ॲसिड संपलंय, आणखी घाला.

रसायनवाला
एक जोड. पाणी कोमटच हवं, उकळतं नको. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि त्याचाच नवा पांढरा लेप बसतो. १०० ग्रॅम क्षार काढायला साधारण १४० ग्रॅम निंबूसत खर्च होतं, यावरून अंदाज बांधा. संडास धुवायचं ॲसिड गीझरला लावू नका, ते एलिमेंटची नळी आणि पोलाद दोन्ही खातं. त्यात ब्लीच मिसळलं गेलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

टाकीच्या आत लोखंडी काहीही खरवडू नका. आतून काचेचं अस्तर असेल तर ते तडकतं. भिंतीवरचा पातळ थर राहिला तरी बिघडत नाही.

वायरमन_काका
बसवताना गॅस्केट (फ्लँजखालची रबरी चकती) नवीन. गरम नळातून अखंड धार येईपर्यंत स्विच लावायचा नाही, कोरडं एलिमेंट बघताबघता जळतं. आणि थर्मोस्टॅटचा काटा फिरवता येत असेल तर ५५ च्या आसपास ठेवा, त्यापुढे क्षार भराभर बसतात.

सुदामानगर_इंदूर
आरसीसीबीच पडतो, बघितलं. एलिमेंट बदलायला सांगते. साबणाची परीक्षा केली : बोरिंगमध्ये नुसता साका, नर्मदेत छान फेस. म्हणजे सॉफ्टनर घ्यावाच लागणार ना?

रसायनवाला
माझं स्पष्ट मत : आधी पाणी वेगळं करा. तुमच्याकडे मऊ पाणी येतंय आणि तुम्ही ते कठीण पाण्यात मिसळताय. गच्चीवर ३०० ते ५०० लिटरची छोटी टाकी ठेवा, तिच्यात फक्त नर्मदा चढवा आणि तिथून गीझरला स्वतंत्र पाइप आणा. चार माणसांच्या आंघोळीला दिवसाला २४० लिटर धरलं तरी ५०० ची टाकी एक दिवसाआडच्या पाण्यावर पुरते. उरलेलं बोरिंग संडास, फरशी, गाडी धुण्याला. पंपाच्या जोडणीवर दोन व्हॉल्व्ह वाढतील, एवढंच. मात्र हौदातही दोन्ही पाणी एकत्र होत असेल तर आधी ते थांबवा.

नर्मदा पुरतच नसेल तेव्हा सॉफ्टनर. हिशेब असा : सॉफ्टनरमधलं १ लिटर रेझिन (कठीणपणा धरून ठेवणारे बारीक मणी) साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं. बोरिंगचा कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल तर १० लिटरचं रेझिन १००० लिटर पाणी देईल, म्हणजे दिवसाला २४० लिटरला चार दिवस. मग सव्वा ते दीड किलो खडे मिठाचं द्रावण सावकाश सोडून ते पुन्हा तयार करायचं. हे दर चार दिवसांनी कोण करणार, ते घेण्याआधी ठरवा. बोरिंगच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीत तांबूस डाग पडत असतील, तर आधी लोहाचा फिल्टर हवा, नाहीतर रेझिन निकामी होतं. आणि सॉफ्टनरनंतर टीडीएस मीटर लावून निराश होऊ नका, आकडा जवळपास तोच राहतो. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, इतकंच.

सियागंजकर
सोडियमवरून : सॉफ्टनरचं पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला नको, घरात रक्तदाबाचं कोणी असेल तर मुळीच नको. ५०० कठीणपणाच्या पाण्यात लिटरला २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. कुंड्यांनाही घालू नका, माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. बागेचा नळ सॉफ्टनरच्या अलीकडून काढा, आणि रेझिन धुतल्यावरचं खारं पाणी थेट गटारात जाईल अशी नळी द्या.