मदत हवी आहे: मशीनशॉपच्या नेटवर्क स्विचवर वीजबचत चालू ठेवू की बंद?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागला एका मशीनशॉपचं नेटवर्क माझ्याकडे आहे. पावसाळ्यात लाइट जाणं ठरलेलंच, म्हणून स्विच, कॅमेरे, ऑफिस सगळं यूपीएसवर. बॅटरी जास्त पुरावी म्हणून मालक म्हणतात, सगळ्या पोर्टांवर ईईई लावा (एनर्जी एफिशियंट इथरनेट: डेटा नसेल तेव्हा लिंकला झोपवून वीज वाचवणारी सोय; ८०२.३एझेड, २०१० चं मानक).

गिगाबिट तांब्याच्या लिंकला झोपायला १८२ मायक्रोसेकंद, उठायला १६.५. पूर्ण आकाराची फ्रेम (डेटाचं एक पाकीट) मात्र १२ मायक्रोसेकंदांतच निघून जाते. एवढ्याशा फ्रेमसाठी केवढी उठबस! पण ऑफिसात १६.५ मायक्रोसेकंदांना कोण हिंग लावून विचारतो?

अडचण शॉपफ्लोअरवर आहे. मशीनचे कंट्रोलर आणि सर्वो ड्राइव्ह (मोटरी अचूक फिरवणारे) १०० मेगाबिटवर, १ मिलिसेकंदाच्या सायकलने बोलतात. तिथे झोपायला २०० आणि उठायला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे दोन फ्रेमांच्या मधे लिंक आरामात डुलकी काढणार. वाटेत तीन स्विच, प्रत्येक टप्प्याचा उशीर मिळवत जायचा. त्यात तो कधी येणार, कधी नाही, हे जास्त डोकेदुखीचं.

फ्लोअरवर बंद, बाकी चालू, असं करू का? आणि फ्रेमा साठवून एकदम सोडायची कोॲलेसिंगची सोय आहे, ती लावावी का?

प्रतिसाद १

फ्लोअरवर बंदच करा भाऊ. एका टोकाला बंद केलं तरी पुरतं, ईईई दोघांनी मान्य केल्याशिवाय लागू होत नाही. बदलताना लिंक क्षणभर पडते, तेव्हा शिफ्ट सुटल्यावर करा. लिनक्स असेल तर इथटूल या कमांडने ईईईची स्थिती दिसते.

कोॲलेसिंगने झोप लांबते, पण पहिली फ्रेम टायमर संपेपर्यंत ताटकळते. रात्रीच्या बॅकअपला चालेल, ड्राइव्हला अजिबात नको. गिगाबिटवर दोन्ही दिशा शांत असतील तरच लिंक झोपते, त्यामुळे सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज घेणाऱ्या रेकॉर्डरच्या पोर्टावर फार बचत धरू नका.

एक विचारतो, राग मानू नका. लाइट गेल्यावर सर्वो चालतात का?

धागाकर्ता

नाही हो, ड्राइव्ह मेन्सवर आहेत. यूपीएसवर फक्त कंट्रोलर.

प्रतिसाद १

मग लाइट गेल्यावर त्या स्विचना काम तरी काय? कंट्रोलर नीट बंद होईपर्यंत चालू ठेवा, नंतर बॅटरीवरून उतरवा. ईईईने वाचेल त्यापेक्षा जास्त तिथेच वाचेल. ऑफिसच्या पोर्टांवर खुशाल चालू ठेवा.

धागाकर्ता

हे मालकांना पटेल. उद्या वायरमनला बोलावतो.