कर्नलच्या हेडरमधली असेम्ब्लीची अट: __असेम्ब्ली__ ठेवावी की __असेम्ब्लर__?

निखळसी:
लिनक्स ६.१२ वर आधारलेली, एआरएम६४ बोर्डाची वेगळी सोर्स ट्री आहे. आपल्या ड्रायव्हरच्या हेडरमध्ये सी आणि असेम्ब्ली वेगळं करणाऱ्या अटी (ठरावीक मॅक्रो, म्हणजे प्रीप्रोसेसरसाठीचं नाव, डिफाइन आहे का ते पाहणाऱ्या) तीन तऱ्हेच्या झाल्या आहेत: कुठे __असेम्ब्ली__ (__ASSEMBLY__), कुठे __असेम्ब्लर__ (__ASSEMBLER__), तर काही फाइलींत अंडरस्कोर नसलेलं नुसतं असेम्ब्ली. सगळं एकसारखं करायचं आहे. यातली काही हेडर यूएपीआयमध्ये आहेत, म्हणजे यूजरस्पेसचे, कर्नलबाहेरचे प्रोग्रॅमही ती घेतात. नाव कोणतं निवडावं, क्रम काय ठेवावा आणि काही मोडलं नाही याची खात्री कशी करावी?

रिंगशून्य:
__असेम्ब्लर__ घ्या. असेम्ब्ली फाइल प्रीप्रोसेस करताना हा मॅक्रो जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर स्वतःच डिफाइन करतात. __असेम्ब्ली__ मात्र कर्नलच्या मुख्य मेकफाइलमधून, केबिल्ड-एफ्लॅग्जमधल्या (KBUILD_AFLAGS) -डी या मॅक्रो डिफाइन करणाऱ्या पर्यायाने येतो. कर्नल बिल्ड होताना दोन्ही असतात, म्हणून फरक कळत नाही. तेच हेडर यूजरस्पेसच्या मोठ्या एस एक्स्टेन्शनच्या (.S, प्रीप्रोसेसरमधून जाणाऱ्या असेम्ब्लीच्या) फाइलीत घेतलं की __असेम्ब्ली__ कुणीच डिफाइन केलेला नसतो, सीचा भाग तसाच असेम्ब्लरकडे जातो आणि तो 'अननोन निमॉनिक टाइपडेफ' म्हणून थांबतो. मेनलाइननेही, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलनेही, हीच वाट धरली आहे. एक्स८६ची हेडर २०२५ मध्ये, ६.१५ साठी बदलली गेली.

पण मेनलाइनमधून आलेल्या फाइलींना हात लावू नका, फक्त आपली हेडर बदला. नाहीतर ६.१२ चं प्रत्येक स्टेबल अपडेट मर्ज करताना निष्कारण कॉन्फ्लिक्ट सोडवत बसावं लागेल.

ऑब्जडम्प:
वरच्याशी सहमत. क्रम असा ठेवा: यूएपीआयचा पॅच आधी आणि वेगळा, त्यानंतर आतल्या हेडरचा. शोधताना गिट ग्रेपला पूर्ण शब्द जुळवण्याचा पर्याय द्या, आणि एंडिफच्या (अट संपवणाऱ्या ओळीच्या) पुढच्या कॉमेंटमधलं नावही त्याच पॅचमध्ये बदला. ते राहून गेलं तर वाचणारा वर्षभराने चकतो.

नुसत्या असेम्ब्लीवाल्या फाइली या पॅचमध्ये अजिबात मिसळू नका. तो मॅक्रो कुणीच डिफाइन करत नसेल, तर इफ्नडेफची (मॅक्रो नसेल तर) अट आजवर कायम खरी ठरली आहे आणि इफडेफमधला (मॅक्रो असेल तरचा) कोड एकदाही कंपाइल झालेला नाही. नाव सुधारलं की तो कोड प्रथमच जिवंत होईल, आणि त्यात जुनं रजिस्टर ऑफसेट किंवा दुसऱ्याशी टक्कर घेणारं मॅक्रो नाव निघू शकतं. ही दुरुस्ती आहे, नुसतं नामांतर नव्हे. प्रत्येक फाइलीला स्वतंत्र पॅच करा आणि वर्तन काय बदलतं ते कमिट मेसेजमध्ये लिहा.

आणखी एक जागा: तुमच्या मेकफाइलमध्ये लिंकर स्क्रिप्ट किंवा टेम्प्लेट प्रीप्रोसेसरमधून काढत असाल तर त्या फाइलीचं एक्स्टेन्शन पाहा. मोठं एस असेल तर __असेम्ब्लर__ आपोआप मिळतो. एक्स्टेन्शन दुसरं असेल, किंवा इनपुट पाइपमधून देऊन भाषा सी सांगितली असेल, तर मिळत नाही. तिथे भाषा असेम्ब्लर-विथ-सीपीपी द्या. हातानेच __असेम्ब्ली__ डिफाइन करून हेडर घेणाऱ्या सी फाइलीही शोधा. त्यांना हेडरमधले नुसते आकडे हवे असतात; ते आकडे वेगळ्या छोट्या हेडरमध्ये काढणं हाच नीट उपाय.

निखळसी:
यूएपीआय हेडरमध्ये बिट दाखवायला _यूएल(१), म्हणजे _UL(1), वापरलं आहे. तिथे काही करावं लागेल?

रिंगशून्य:
हो, नेमकं तिथेच अडेल. _यूएल पुढे _एसी मॅक्रोवर जातो. तो सीमध्ये आकड्याला यूएलचं (अनसाइन्ड लाँग) शेपूट जोडतो आणि असेम्ब्लीत आकडा कोरा ठेवतो. पण ६.१२ च्या यूएपीआयमधलं कॉन्स्ट हेडर हे __असेम्ब्ली__ बघून ठरवतं. म्हणजे तुमचं हेडर सुधारलं तरी यूजरस्पेसच्या असेम्ब्लीत १यूएल पोचेल. अलीकडचा जीएनयू असेम्ब्लर ते शेपूट खपवून घेतो, जुना घेत नाही. मेनलाइनची फाइल बदलायची नाही म्हटल्यावर तूर्त त्या यूजरस्पेस प्रोग्रॅमच्या मेकफाइलमध्ये -डी देऊन __असेम्ब्ली__ही डिफाइन करा.

ऑब्जडम्प:
आता तपासणी. नामांतराच्या पॅचमुळे मशीन कोडमध्ये एक बाइटही बदलता कामा नये. ओळींची संख्या तीच राहते, त्यामुळे __लाइन__ वापरणारे मॅक्रोही हलत नाहीत. केबिल्ड-बिल्ड-टाइमस्टॅम्प, यूजर आणि होस्ट हे तिन्ही व्हेरिएबल ठरावीक ठेवा, लोकल व्हर्जनमध्ये गिटचा हॅश जोडणं बंद करा, आणि पॅचच्या आधी व नंतर एकाच पाथवरून बिल्ड करून ऑब्जेक्ट फाइलींचे चेकसम जुळवा. जिथे जुळणार नाहीत तिथे दोन्हींचं डिसअसेम्ब्ली काढून डिफ बघा. हे जीसीसीने एकदा आणि एलएलव्हीएम=१ देऊन (म्हणजे क्लँगने) एकदा, डेफकॉन्फिग (नेहमीचं कॉन्फिग) आणि ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून) दोन्हींवर करा.

यूएपीआयसाठी एवढ्यावर भागत नाही. कॉन्फिगमध्ये यूएपीआय हेडर टेस्ट चालू केली तरी ती हेडर सी म्हणूनच कंपाइल करते; असेम्ब्लीची बाजू तिला दिसत नाही. मेक हेडर्स-इन्स्टॉलने हेडर वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, प्रत्येक हेडरसाठी फक्त ते इन्क्लूड करणारी एका ओळीची मोठ्या एसची फाइल बनवा आणि कोणताही -डी न देता असेम्बल करा. असेम्ब्लीतून घ्यायच्या प्रत्येक हेडरला ही चाचणी लावा.

निखळसी:
कर्नलच्या मुख्य मेकफाइलमधला -डी कधी काढायचा?

रिंगशून्य:
६.१२ वर असेपर्यंत काढू नका, मेनलाइनची हेडर त्यावरच चालतात. दोन्ही मॅक्रो एकत्र असले तरी बिघडत काही नाही. पुढच्या एलटीएसवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर) गेल्यावर पूर्ण ट्रीत गिट ग्रेप करा. मेनलाइनच्या मेकफाइलमध्ये तो उरला असेल तर तुम्हीही राहू द्या.