जेनायटल हर्पिसवर झाडपाल्याचं औषध, कोणाले खरंच गुण आला काय?

पऱ्हाटीवाला
राजेहो, गोष्ट लाजेकाजेची हाये म्हणून खरं नाव टाकत नाही. वय 34, यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, लग्नाले सात वर्षं झाले. दिवाळीच्या आधी ऐन वेचणीत ताप आला, जांघेत गाठी आल्या अन खाली पाण्यानं भरलेल्या बारीक बारीक फोडी, दोन दिवसात फुटून जखमा झाल्या, लघवीले गेलो की डोयातून पाणी. मले वाटलं फवारणीचं औषध पॅन्टवर सांडलं असन त्याचंच होय हे, म्हणून आठ दिवस खोबरेल तेल लावत बसलो. मंग यवतमाळले स्किनच्या डॉक्टरनं पाह्यल्याबरोबर सांगतलं जेनायटल हर्पिस, म्हणजे संबंधातून लागणारा गुप्तांगाचा आजार, असायक्लोविर 400 ची गोळी दिवसातून तीनदा, दहा दिवस. भरल्या जखमा. पण म्हणे हा विषाणू अंगातून जात नाही, परत येऊ शकते. अन आलंच ना, संक्रांतीले, पहिल्यापेक्षा कमी पण आलं.

आता साळ्यानं एक वैदू पाह्यला. म्हणते मुळासकट काढतो, तीन महिन्याच्या पुड्या, वरतून लावाले एक कायं तेल, नऊ हजार रुपये. म्हणजे क्विंटलभर कापूस इकून वरून पैसे टाका लागन. यूट्यूबवर तं कोणी कडुलिंब सांगते, कोणी कोरफड, कोणी मध. यातल्या कशाचा पुरावा हाये काय? शिव्या देऊ नका, खरं सांगा.

रानवेडा
भाऊ बाकी काही कर पण ते कायं तेल लावू नोको. कायं म्हटलं की नव्वद टक्के बिब्बा असते त्यात. मले चार वर्षं आधी जांघेत गजकर्ण होतं, अशाच एका बुवानं लावून देल्लं, रात्री जे भाजलं ना बापा, सकाळी केळीएवढे फोड, महिनाभर लुंगीवर राह्यलो अन घरी सांगतलं मोटरसायकलचा सायलेन्सर लागला म्हणून. धोबी कपड्यावर निशाणी करत तोच बिब्बा हा, धुवून जात नाही. गोडंब्या लाडवात चांगल्या लागतात म्हणून त्याचं तेल कातडीले चालते असं नाही. काही लोक रुईचा चीक लावतात, मोरचूद लावतात, तेही तसंच. उघड्या जखमेवर तं इचारच करू नोको.

मेडिकल_काउंटर
मी डॉक्टर नाही, तालुक्याच्या गावी औषधाचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. हे विचारायला लोक दुकान बंद व्हायच्या टायमाला येतात, शटर अर्धं खाली असताना.

पुरावा विचारला ना, तर सांगतो. आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, हर्पिसच्या जखमा काहीच न करता पण भरतात. पहिल्या वेळी दोन ते चार आठवडे, परत आल्यावर साधारण आठ-दहा दिवस. आणि जसजशी वर्षं जातात तसतसं परत येणं आपोआप कमी होत जातं. म्हणून ज्याने ज्या दिवशी जे लावलं त्याला वाटतं त्यानेच गेलं. वैदूचे तीन महिने पण ह्याच हिशोबावर चालतात, मधे आलं तर म्हणतो पथ्य मोडलं, नाही आलं तर औषध लागू पडलं. म्हणून अर्ध्या लोकांना खरं औषध आणि अर्ध्यांना दिसायला तसंच पण खोटं असं देऊन बघावं लागतं.

तसं बघितलंय लोकांनी. कोरफडीची 0.5 टक्के क्रीम 1997 च्या अभ्यासात 60 पुरुषांवर लावून पाहिली, ती लावणाऱ्यांच्या जखमा पाचेक दिवसात भरल्या, नुसती क्रीम लावणाऱ्यांना बारा दिवस लागले. ऐकायला भारी वाटतं, पण माणसं 60. आणि ती मोजून बनवलेली क्रीम होती, अंगणातली कोरफड चाकूने चिरून लावलेली नाही. प्रोपोलिस म्हणून एक असतं, मधमाश्या पोळ्याच्या भेगा बुजवायला डिंकासारखं वापरतात ते, त्याचं मलम 2000 साली 90 जणांवर पाहिलं, 30-30 चे तीन गट. दहाव्या दिवशी प्रोपोलिसवाले 24 बरे, असायक्लोविर मलमवाले 14, काहीच औषध नसलेलं मलम लावणारे 12. आता हे शेवटचे दोन आकडे बघा, असायक्लोविरची ट्यूब आणि रिकामं मलम ह्यात फरक जवळपास नाहीच. म्हणून खालच्या हर्पिसला ट्यूब नाही, गोळीच द्यायची असते. लोक तरी ट्यूबच मागतात, स्वस्तात सुटेल म्हणून.

मधाचा मोठा अभ्यास न्यूझीलंडमधे झाला, 2019 मधे छापला, 952 माणसं, पण ओठावरच्या हर्पिसवर. मध आणि असायक्लोविर क्रीम, फरक नाही. एकिनेशिया नावाचं फुलझाड विकतात कॅप्सूलमधे, ते 50 जणांना वर्षभरात देऊन पाहिलं, जेनायटल हर्पिसवरच, उपयोग शून्य. लायसिन म्हणून प्रथिनातला एक घटक असतो, त्याच्या गोळ्यांचंही ओठाच्या हर्पिसमधे काही सिद्ध झालं नाही. कडुलिंबाच्या सालीच्या अर्काने प्रयोगशाळेत विषाणूला अडवलेलं आहे, पण काचेच्या बशीत तर फिनेलपण विषाणू मारतं.

आणि मुळासकट कोणीच काढत नाही, माझ्या दुकानातली गोळीपण नाही. विषाणू कमरेखाली मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत जाऊन झोपतो, तिथपर्यंत ना पुडी पोचते ना तेल. गोळी त्याची वाढ थांबवते, बस. चुरचुर सुरू झाली त्याच दिवशी घेतली तर चांगलं काम करते, फोड फुटल्यावर तिसऱ्या दिवशी घेऊन काय उपयोग. वर्षात सहा-सात वेळा येत असेल तर डॉक्टर रोज दोनदा 400 चालू ठेवतात, त्याने येणं 70-80 टक्के कमी होतं.

आजीची_नात
सगळं इंग्रजी औषधच खरं असं नसते हं दादा. आमच्या आजीने गेरू लावून किती जणांची नागीण बरी केली, नागीण म्हणजे हर्पिसच ना? दोन्ही टोकं भेटायच्या आत गेरूचं कुंपण घालायचं, नाहीतर माणूस जाते.

मेडिकल_काउंटर
ताई नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, घराणं एक पण विषाणू वेगळा, लहानपणी कांजण्या होतात त्याचाच. ती शरीराच्या एकाच बाजूच्या नसेवर येते, म्हणून टोकं बहुतेक भेटतच नाहीत, गेरू लावा की नका लावू. तीपण तीन-चार आठवड्यात आपोआप सुकते. आजीबद्दल आदर आहे, मायेने लावायची आणि पैसे घेत नसेल.

आजीची_नात
पैसे नव्हती घेत. एक नारळ घ्यायची 🙂

सिस्टर_वर्धा
मी सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. दादा, एवढे पैसे घालायच्या आधी जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमधे, म्हणजे गुप्तरोगाच्या दवाखान्यात जा. फुकट असते, दार लावून बोलतात. ह्या आजाराला सरकारी लाल पाकिट असते, किट नंबर 5, त्यात हीच असायक्लोविर 400. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्या, घाबरू नका, पण हर्पिसच्या जखमेतून एचआयव्ही लागायचा धोका वाढतो म्हणून करतात. आणि दुकानातून ती गोरं करायची, खाजेची ट्यूब आणून लावू नका, त्यात स्टिरॉइड असते, जखम चिघळते.

एक विचारते, मिसेसला त्रास आहे का? त्यांना सांगितलं?

पऱ्हाटीवाला
तेच तं सांगायचं राह्यलं. तिले काही नाही. पण तिले पाचवा महिना हाये. अन सांगतलं नाही, सांगतलं तं म्हणन कुठून आणलं. देवाशप्पथ ताई, लग्नानंतर मी कुठंच गेलो नाही.

सिस्टर_वर्धा
मग हे आधी ऐका. हा विषाणू कितीक वर्षं गप्प बसू शकतो, लग्नाच्या आधीचा असू शकतो, आणि कोणाकोणाला कधी फोडच येत नाही, ते स्वतःला माहीत नसताना दुसऱ्याला देतात. मिसेसकडूनही आला असेल. आता पहिल्यांदा फोड आले म्हणजे आताच लागला असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. हे आम्ही रोज नवरा-बायकोला समोर बसवून सांगतो, तुम्ही एकट्याने सांगायची गरज नाही, सोबत घेऊन या.

पण सांगायचं मात्र लवकर. त्यांना आधी कधीच झाला नसेल आणि शेवटच्या तीन महिन्यात पहिल्यांदा लागला तर बाळंतपणात बाळाला लागायचा धोका मोठा असतो. म्हणून सातव्या महिन्यापासून संबंध नकोच, आणि त्याच्या आधी जखम असताना किंवा चुरचुर असताना बिलकुल नाही, बाकी वेळी निरोध, तोही शंभर टक्के नाही. त्यांच्या डॉक्टरला माहीत पाहिजे, म्हणजे त्या बाळंतपणाचं तसं बघतील. असायक्लोविर गरोदरपणात चालते, त्याची भीती नको.

पऱ्हाटीवाला
ठीक हाये. सोमवारी तिची तपासणी हायेच, तिथंच घेऊन जातो दोघं. एक भानगड अशी हाये का साळ्यानं त्या वैदूले दोन हजार इसार देऊन ठेवला, अन तेलाची बाटली आजच घरी आली.

रानवेडा
इसार गेला समज. बाटली गोठ्यात ठेवू नोको, गाय-वासराले लागन, दूर बांधावर खड्डा करून पुर. अन हात लावशीन तं आधी खोबरेल तेल लावून घे हाताले.