वार ठरवून मदत मागा

ताई, सासूबाईंना सांभाळताना दोन वर्षांत त्यांना सोडून कुठे गेला नाहीत आणि आता त्यांच्यावर ओरडल्याची टोचणी लागते, असं लिहिलंत. अहो, ही चीड बऱ्याचदा अपुऱ्या झोपेतून येते. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. इंदूरच्या घरी ती रात्री ३ वाजता राजवाड्याला जायचं म्हणून साडी नेसून बसायची. भावाला नुसतं 'मदत कर' म्हणायचे, तेव्हा काही व्हायचं नाही. 'शनिवारची रात्र तुझी' म्हटलं, तसा तो आला. (वार ठरवूनच मागा, खरंच!) आणि १४४१६ लावा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही टेलिमानस सेवा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास आहे. भाषांत मराठीही आहे. मी पहिल्यांदा नुसती रडले, पलीकडची बाई शांतपणे थांबून राहिली.