मदत हवी आहे: फेब्रुवारीअखेर डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री, सोबत सत्तरीचे आईवडील आणि सात वर्षांची मुलगी

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो. आईअण्णा डिसेंबरपासून आमच्याकडे आहेत, २५ मार्चला परत जाणार. त्याआधी त्यांना वाळवंटातली नॅशनल पार्क्स दाखवायची आहेत आणि प्लॅनमध्ये मी पुरती अडकलेय, म्हणून हा धागा.

आधी हे का करायचंय ते सांगते म्हणजे सल्ला देताना तुमच्या लक्षात येईल. अण्णा माण तालुक्यात हायस्कूलला भूगोल शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर एकच आकृती काढली, समुद्र, सह्याद्री, वर ढग, आणि पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे आम्हीच. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटर आणि तिथून काही तासांवर आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर, तोही आला तर. आणि दरवर्षी त्या धड्याच्या शेवटी ते डेथ व्हॅलीचं नाव घ्यायचे, की तिथे वर्षाला जेमतेम पन्नास मिलिमीटर पडतो, कारण पॅसिफिकवरून येणाऱ्या ढगांना एक नाही, एकामागोमाग चार डोंगररांगा ओलांडाव्या लागतात. मीही त्यांच्याच वर्गात बसून हे ऐकलंय. यावेळी आल्या आल्या त्यांनी विचारलं, तुमच्यापासून ते किती लांब आहे गं? त्यांनी स्वतःहून कुठे न्या म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट आहे, त्यामुळे ती नीट व्हायला हवी.

आता प्लॅन. शनिवार २८ फेब्रुवारी २०२६ ला सकाळी निघून बेकर्सफील्ड, तेहाचापीचा घाट, मोहावी करत रिजक्रेस्टला मुक्काम, साधारण सहा-साडेसहा तास, थांबत गेलो तर आठ धरा. (योसेमिटीतून टायोगा पासने जाता येत नाही, तो हिवाळ्यात बंद असतो, हे माहीत आहे.) रविवारी ट्रोनावरून डेथ व्हॅली, तिथे दोन रात्री फर्नेस क्रीकला. मंगळवारी शोशोनी, बेकर, मग मोहावी प्रिझर्व्हमधून केल्सोचे वाळूचे डोंगर बघत ॲम्बॉय आणि ट्वेंटीनाइन पाम्स. तिथे दोन रात्री राहून जोशुआ ट्री बघायचं आणि गुरुवारी ५ तारखेला एका दमात आठ तास ड्राइव्ह करून घरी. प्रेसिडेंट्स डेचा (फेब्रुवारीतल्या सुट्टीचा) आठवडा मुद्दाम टाळलाय, तेव्हा खूप गर्दी असते म्हणे.

अडचणी अशा. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, सपाट जागी अर्धा-पाऊण तास चालते पण चढउतार आणि वाळू नाही जमत. अण्णांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, जेवणाची वेळ चुकून चालत नाही, आणि दोघंही पूर्ण शाकाहारी. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स आहे पण तिथे रात्रीबेरात्री काही झालं तर जवळचं हॉस्पिटल कुठे?

दुसरं म्हणजे थंडी. नेटवर फर्नेस क्रीकचं फेब्रुवारीचं सरासरी तापमान दुपारी २३ सेल्सिअस आणि रात्री ८ दिसतंय, ते ठीक, पण जोशुआ ट्री उंचावर आहे तिथे रात्री शून्याच्या जवळ जातं का? आईला थंडी अजिबात सोसत नाही.

तिसरी गोष्ट मनाला सगळ्यात लागलीये. अण्णांना तिथलं आकाश बघायचंय. गावी लहानपणी गच्चीवर झोपून त्यांनी आम्हाला नक्षत्रं दाखवली, आता तिकडेही हायमास्ट दिवे आलेत. डेथ व्हॅली अंधाऱ्या आकाशासाठी नावाजलेली आहे म्हणून ती ठरवली, हॉटेलंही बुक केली, आणि मग कॅलेंडर बघितलं तर ३ मार्चला फाल्गुन पौर्णिमा! म्हणजे आम्ही तिथे असताना रात्रभर चंद्र. आता पुढे ढकलायचं तर अमावास्या १८-१९ मार्चला येते, १९ ला पाडवा, तो घरी करायचाय, आणि त्यांचं निघणंही लगेच. शिवाय मार्चच्या मध्यात उन्हाचा कडाका वाढतो. काय करू?

शेवटचं, रस्त्यांबद्दल. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघंच दुसऱ्या एका वाळवंटात गेलो होतो, फोनवरच्या नकाशाने जवळचा म्हणून कच्च्या रस्त्यावर नेलं, टायर फाटला, रेंज नाही, साडेतीन तास उन्हात बसलो तेव्हा एक जोडपं आलं आणि सुटलो. तेव्हा दोघंच होतो. यावेळी तसं झालेलं मला परवडणार नाही. कोणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद:

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन याच दिवसांत गेलो होतो म्हणून स्पष्ट लिहिते, जोशुआ ट्री काढून टाका. पार्क सुरेख आहे, कॅप रॉकची अर्ध्या मैलाच्या आतली सपाट वाट आईंना सहज जमेल, कीज व्ह्यूला गाडी जवळपास वरपर्यंत जाते, पण दोन पार्कांच्या मधला तो साडेचार-पाच तासांचा पट्टा वयस्कर माणसांना फार होतो, वाटेत बाथरूम मिळायची मारामार आणि रात्री तिकडे खरंच शून्याच्या आसपास जातं. पार्काच्या आत खायला काही नाही, पेट्रोल नाही, पाणीही बहुतेक ठिकाणी नाही.

त्याऐवजी डेथ व्हॅलीत तीन रात्री काढा. आईंसाठी: डँटेज व्ह्यूला पार्किंगमधूनच सगळं दिसतं, फक्त ती जागा ५,४७५ फुटांवर आहे, खालच्यापेक्षा पंधरा-वीस अंश फॅरनहाइटने थंड आणि वर वारा, तेव्हा शाल-कानटोपी हवीच. आर्टिस्ट्स ड्राइव्ह नऊ मैलांचा एकेरी रस्ता आहे, गाडीतून उतरलंच नाही तरी चालतं. झॅब्रिस्की पॉइंटला थोडा चढ आहे पण पक्का रस्ता, हळूहळू होईल. बॅडवॉटरला रॅम्प आहे आणि पुढे मिठावर सपाट चालायचं, झेपेल तितकंच. तिथे मागे वळून कड्यावर बघायला सांगा, खूप उंचावर समुद्रसपाटीची पाटी लावलीये, कारण आपण २८२ फूट खाली उभे असतो. अण्णा तिथून लवकर हलणार नाहीत बघा. मेस्किट फ्लॅटची वाळू रस्त्यावरूनच दिसते, नातीला आणि तिच्या बाबांना पळू दे, आईंना खुर्ची टाकून द्या.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि छोटा कुकर नेला होता, रूमवर मुगाची खिचडी केली (खोलीत चालतं का ते आधी विचारा). आतल्या रेस्टॉरंटमध्ये व्हेज मिळतं पण थोडंच आणि महाग. अण्णांच्या शुगरसाठी गाडीत हाताशी काहीतरी असू द्या, रिजक्रेस्टला सगळी खरेदी उरका आणि टाकी फुल करा. आत पेट्रोल मिळतं पण भाव ऐकून धक्का बसतो.

---

प्रतिसाद:

ताई, तुम्ही पौर्णिमा बघितली पण त्या रात्री काय आहे ते बघितलं नाहीत! ३ मार्चच्या पहाटे खग्रास चंद्रग्रहण आहे आणि कॅलिफोर्नियातून ते पूर्ण दिसणार. १:५० ला चंद्र झाकायला लागेल, ३:०४ ते ४:०३ खग्रास, ५:१७ ला सुटेल. खग्रास असताना चंद्र तांबूस अंधुक होतो आणि तासभर आकाश अमावास्येसारखं काळं पडतं. पौर्णिमेच्या चांदण्यात पांढरीफटक पडलेली दरी, मग हळूहळू अंधार आणि एकेक करत बाहेर येणारे तारे, हे अमावास्येला गेलात तर बघायला मिळणार नाही. चंद्र पश्चिमेकडे सिंहेत असेल, आग्नेयेला वृश्चिक वर आलेली असेल, आकाशगंगेचा पट्टा तिकडेच. तारखा अजिबात हलवू नका. लांबही जाऊ नका, हॉटेलच्या दिव्यांपासून जरा बाजूला गाडी लावली की झालं. टॉर्चला लाल कागद गुंडाळा.

---

प्रतिसाद:

रस्ते आणि बाकीचं. नकाशे घरूनच ऑफलाइन डाउनलोड करा, एक कागदी नकाशा घ्या आणि डांबरी रस्ता सोडू नका, फोनने कितीही जवळचा दाखवला तरी. तिथे रेंज फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सच्या आसपासच मिळते. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर कुठले रस्ते बंद आहेत ते बघायचंच, २०२३ च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने एवढं वाहून नेलं की अख्खं पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं. एंट्री गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालते, कार्डच घेतात, रोख नाही. हॉस्पिटलं पूर्वेला पह्रंपला आणि पश्चिमेला लोन पाइनला, दोन्ही तासाभरापेक्षा जास्त लांब, त्यामुळे औषधं दुप्पट आणि दोन वेगळ्या बॅगांत. आणि कोणी झायन (युटामधलं नॅशनल पार्क) जोडा म्हणालं तर २०२६ पासून इथले रहिवासी नसलेल्यांना तिथे जादा फी आहे, डेथ व्हॅली त्या यादीत नाही.

येताना आलात त्याच रस्त्याने जाऊ नका. हायवे १९० ने पश्चिमेला बाहेर पडून लोन पाइनला या. तिथे रस्त्यावरूनच माउंट व्हिटनी दिसतो, १४,५०५ फूट, अलास्का सोडून अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर. सकाळी बॅडवॉटर, दुपारी व्हिटनी. आणि जी आकृती अण्णांनी फळ्यावर काढली तिची सगळ्यात उंच भिंत तीच, सिएरा नेवाडा, तिच्या कोरड्या बाजूला उभं राहून बघायची. वाटेत ओवेन्स लेकचं कोरडं पात्र लागेल. सिएराच्या बर्फाचं त्या खोऱ्यात उतरणारं पाणी १९१३ साली कालव्याने लॉस एंजेलिसला नेलं आणि काही वर्षांत तळं आटलं. माणच्या माणसाला यावर काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, मला एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ग्रहणाचं वाचून मी उठून अण्णांकडे गेले, ते मुलीला गणित शिकवत होते. सांगितलं तर आधी काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, मग ज्येष्ठा दिसेल, वृश्चिकेतला तो तांबडा तारा, आणि आईला हाक मारली. आई ग्रहण पाळते, पण सगळं मध्यरात्रीनंतरचं आहे, तर म्हणाली वेध लागायच्या आत जेवून घेऊ, मी जप करत गाडीत बसेन, तुम्ही बघा. काच खाली करून तीही बघेलच, मला माहितीये.

तर जोशुआ ट्री रद्द केलंय, तिथलं बुकिंग फुकट कॅन्सल झालं. फर्नेस क्रीकला तिसरी रात्र मिळाली, म्हणजे ग्रहणानंतर सकाळी कोणाला घाईने उठवायला नको. बुधवारी ४ ला सकाळी लवकर बॅडवॉटर, मग पॅनामिंटचा घाट चढून लोन पाइन, तिथे मुक्काम आणि गुरुवारी घरी. आईसाठी दोन फोल्डिंग खुर्च्या आणि एक जाड रजई घेतेय.

आता एकच राहिलंय. आमच्या गाडीत स्पेअर टायर नाहीये, नुसतं हवा भरायचं किट आहे, आणि मागच्या वेळी तसल्याच किटने काही झालं नव्हतं कारण टायर बाजूने फाटला होता. पूर्ण स्पेअर असलेली मिनीव्हॅन भाड्याने घ्यावी की आपल्याच गाडीसाठी वेगळा स्पेअर विकत घेऊन डिकीत टाकावा? पाच माणसं, खुर्च्या, कुकर, पाण्याचे कॅन, हे सगळं धरून सांगा. कोणी यातलं काही केलं असेल तर लिहा, मला या आठवड्यात ठरवायचंय.