एआयची त्रयस्थ तपासणी: तपासनिसाचे पैसे कोण देणार? (चार जणांची चर्चा, टोपणनावांनी)

अन्वय
अमेरिकेतल्या राज्यांच्या एआय विधेयकांत एक कलम सारखं मसुद्यात येतं आणि सहीच्या आधी गळून पडतं: कंपनीबाहेरच्या कुणीतरी मॉडेल तपासायचं, हे कलम.

कॅलिफोर्नियाच्या एसबी (सिनेट विधेयक) १०४७ मध्ये दर वर्षी त्रयस्थ ऑडिट सक्तीचं होतं, २०२६ पासून. विधिमंडळात ते मंजूर झालं आणि २९ सप्टेंबर २०२४ ला गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर व्हेटो वापरला. ते विधेयक मांडणाऱ्या सिनेटर स्कॉट वीनर यांनीच पुढच्या वर्षी एसबी ५३ आणलं. त्यातही ऑडिटचं कलम एका टप्प्यावर होतं, २०३० पासून लागू होणारं. ते काढल्यावर सही झाली. आज कायद्यात उरलंय ते असं: वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न आणि १० च्या २६ व्या घाताहून जास्त गणनक्रिया वापरून घडवलेलं मॉडेल असलेल्या कंपनीने आपली सुरक्षा-चौकट जाहीर करायची, आणि बाहेरच्या तपासनिसांना कितपत सामील करून घेतलं ते सांगायचं. "जवळजवळ नाहीच" असं खरंखरं लिहिलं तरी कायदा पाळला गेला.

वेगळी वाट सुचवली ती सिनेटर जेरी मॅकनर्नी यांच्या एसबी ८१३ ने. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी काही स्वतंत्र पडताळणी संस्थांना मान्यता द्यायची, त्या संस्थांनी मॉडेल तपासून प्रमाणपत्र द्यायचं, आणि पुढे नुकसानभरपाईचा दावा झालाच तर ते प्रमाणपत्र कंपनीच्या बचावाला यायचं. २०२५ मध्ये ते मंजूर झालं नाही, पण कल्पना संपलेली नाही.

माझं मत: पडताळणी सक्तीची हवी आणि ती राज्यांनीच सुरू करावी. मात्र प्रमाणपत्राची ढाल होता कामा नये, आणि तपासनीस कंपनीने निवडता कामा नये. या दोन अटी नसतील तर सध्याचं एसबी ५३ बरं.

रनटाइम
मी पूर्ण विरोधात आहे. कारण राजकीय नाही, तांत्रिक आहे.

"मॉडेल तपासलं" म्हणजे नक्की काय तपासलं? वेट्सची (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांची) एक ठरावीक आवृत्ती, तिच्यावरचा सिस्टिम प्रॉम्प्ट (कंपनीने आधीच दिलेल्या सूचना), नको ते प्रश्न-उत्तरं अडवायला आधी-नंतर बसवलेली गाळणी, तिला दिलेली साधनं, आणि सॅम्पलिंगची (पुढचा शब्द कसा निवडायचा याची) सेटिंग्ज. यातलं एक बदललं की आधीचा निकाल लागू पडेलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओमध्ये एक बदल सोडला. मॉडेल वापरणाऱ्याच्या होला हो करायला लागलं, आणि काही दिवसांत बदल मागे घ्यावा लागला. कंपनीच्या ठरलेल्या चाचण्या आणि ए/बी चाचणीचे (जुनी-नवी आवृत्ती वेगवेगळ्या वापरकर्त्यांना देऊन केलेल्या तुलनेचे) आकडे चांगलेच आले होते. हाताने तपासणाऱ्या काही जणांना "काहीतरी खटकतंय" असं वाटलं होतं, पण निर्णय आकड्यांवर झाला. वार्षिक प्रमाणपत्र असतं तर ते त्या आठवड्यातही वैधच राहिलं असतं.

त्याच महिन्यात मेटाच्या लामा ४ मॅव्हरिकची जी आवृत्ती मॉडेलांची तुलना करणाऱ्या एलएमअरीना या संकेतस्थळावर उतरवली होती, ती लोकांच्या हातात पडलेल्या आवृत्तीपेक्षा वेगळी निघाली. चाचणीला एक नमुना, बाजारात दुसरा.

त्याहून अवघड अडचण म्हणजे आजची मॉडेलं पुष्कळदा ओळखतात की आपली चाचणी चालू आहे, आणि तसं लिहूनही दाखवतात. चाचणीत नीट वागणारं मॉडेल बाहेर तसंच वागेल, हे अनुमान इथेच ढासळतं. शिवाय क्षमता मोजताना "जमलं नाही" याचे दोन अर्थ निघतात: मॉडेलला खरंच जमत नाही, किंवा तपासनिसाला ते काढून घेता आलं नाही. फाइन-ट्यूनिंगची, म्हणजे मॉडेलला पुढे शिकवून बदलायची, परवानगी नसेल, एका प्रश्नाला शंभर प्रयत्न द्यायचा गणनखर्च परवडत नसेल, चांगली साधनं जोडली नसतील, तर दुसरीच शक्यता जास्त.

न्यूसम यांनी व्हेटोच्या पत्रात खोट्या सुरक्षिततेच्या भावनेचा इशारा दिला होता. ते फक्त मोठ्या मॉडेलांवर रोख ठेवण्याबद्दल बोलत होते, पण शिक्कामोर्तब करणाऱ्या व्यवस्थेला तो जास्त लागू आहे.

कलमदान
रनटाइम, तुमची पहिली हरकत कायदा नीट लिहून सुटते. प्रमाणपत्र "अमुक मॉडेलला" न देता ठरावीक संचाला द्यायचं: वेट्सचा हॅश (फाइल बदलली की बदलणारी डिजिटल ओळखखूण), सिस्टिम प्रॉम्प्टची आवृत्ती, गाळणीची आवृत्ती, साधनांची यादी. सेवेत त्याहून वेगळा संच आला की प्रमाणपत्र आपोआप निलंबित. वजनमापाच्या काट्याला सील असतं ते याचसाठी. सील तुटलं की फेरपडताळणी. मॅव्हरिकसारखा प्रकार यात पहिल्या दिवशी उघडा पडतो.

माझा विरोध दुसऱ्या जागी आहे, ढालीला. प्रमाणपत्र असेल तर कंपनीने वाजवी काळजी घेतली असं न्यायालयाने धरून चालायचं, अशी सोय केली की सिद्ध करण्याचं ओझं नुकसान झालेल्या माणसावर जातं. त्याच्याकडे ना वेट्स, ना लॉग (यंत्रणेतल्या नोंदी), ना चाचणीचे कच्चे निकाल. गृहीतक मोडायला विरुद्ध पुरावा लागतो, आणि तो सगळा समोरच्याच्या कपाटात. कागदावर "मोडता येण्याजोगं" असलेलं गृहीतक प्रत्यक्षात मोडत नाही ते यामुळे.

आणि सक्ती लिहिली म्हणजे अंमल झाला असं नाही. न्यूयॉर्क शहराचा स्थानिक कायदा १४४ बघा. नोकरभरतीत वापरल्या जाणाऱ्या स्वयंचलित साधनांचं स्वतंत्र पक्षपात-ऑडिट करून निकाल संकेतस्थळावर टाकायचा, ५ जुलै २०२३ पासून. संशोधकांनी ३९१ कंपन्यांची संकेतस्थळं चाळली तेव्हा ऑडिट सापडलं १८ ठिकाणी. "आमचं साधन या व्याख्येत बसतं का" हे ठरवणं कंपनीच्याच हातात होतं, हे मुख्य भोक. साधन निर्णयाला "भरीव मदत" करत नाही असं स्वतःच ठरवलं की ऑडिटही नको आणि तसं जाहीर करणंही नको. बाहेरून बघणाऱ्याला कळतच नाही की कायदा मोडलाय की लागूच नव्हता. वर दंड पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५०० डॉलर, पुढे १५०० पर्यंत.

गाळणी
तपासनीस कुणी निवडायचा, या अन्वय यांच्या मुद्द्यावर नेमका प्रयोग आपल्या शेजारच्या राज्यात झालेला आहे. एआयवाल्यांच्या चर्चेत तो यायला हवा तेवढा येत नाही.

गुजरातमध्ये जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना १९९६ पासून, उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, पर्यावरण ऑडिट सक्तीचं आहे. ऑडिटर बाहेरचा, पण निवडायचा कारखान्याने आणि पैसे द्यायचे कारखान्याने. एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातले ४७३ कारखाने घेतले आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात जुनीच पद्धत. दुसऱ्यात ऑडिटर सोडतीने नेमायचा, पैसे मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने द्यायचे, आणि काही ठिकाणी ऑडिटरनंतर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लोकांनी जाऊन तेच मोजमाप पुन्हा घ्यायचं. दुसऱ्या वर्षी मोबदला अचूकतेशी जोडला.

चिमणीतल्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीतले ऑडिटचे आकडे आलेखावर मांडले तर १५० च्या अगदी खाली ढीग दिसतो. मर्यादा ओलांडणारे कारखाने ऑडिटनुसार ७ टक्के, फेरमोजणीत ५९ टक्के. नव्या पद्धतीत खोटा "पास" द्यायचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटलं, आणि पुढे कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की काही ऑडिट कंपन्या दोन्ही गटांत काम करत होत्या. तीच माणसं, तीच उपकरणं, तेच वर्ष. एका गटात खोटे आकडे, दुसऱ्यात खरे. म्हणजे रोग ऑडिटरच्या स्वभावात नव्हता, पगार कुणाकडून येतो यात होता. जुन्या पद्धतीत ऑडिटचा बाजारभाव नीट मोजमाप करायला लागणाऱ्या खर्चापेक्षाही कमी होता. त्या पैशात चिमणीवर चढून नमुना घेणं परवडतच नाही. मंडळाने पुढे सोडतीची पद्धत नियमातच घेतली.

एसबी ८१३ च्या आराखड्यात पडताळणी संस्था एकापेक्षा जास्त असतात, आणि कुणाकडे जायचं ते कंपनी ठरवते. स्पर्धेने दर्जा वाढेल ही त्यामागची कल्पना. सोपं प्रमाणपत्र देणाऱ्याकडे गर्दी होणार, हे गुजरातच्या जुन्या गटाने दाखवून दिलंय.

रनटाइम
गाळणी, प्रयोग उत्तम आहे. पण एक फरक बघा. तिथे १५० हा आकडा होता आणि तो मोजायची प्रमाण पद्धत होती. फेरमोजणी करणाऱ्याला तीच नळी त्याच चिमणीत घालता येत होती. एसबी ५३ मध्ये महासंकटाची व्याख्या आहे, एका घटनेत ५० हून जास्त माणसांचा मृत्यू किंवा गंभीर इजा, नाहीतर १ अब्ज डॉलरहून जास्त नुकसान. ती परिणामाची व्याख्या झाली. चाचणीच्या टेबलावर तिचा "१५०" कोणता? जैविक अस्त्रांबद्दलच्या प्रश्नसंचात किती टक्के म्हणजे धोका, यावर तज्ज्ञांतच एकमत नाही.

आणि सोडत टाकायला चिठ्ठ्या किती? अशा मॉडेलांची खोल तपासणी करू शकणाऱ्या बाहेरच्या संस्था, मेटर, अपोलो रिसर्च यांच्यासारख्या, मोजक्या आहेत. त्यातले पुष्कळ लोक याच कंपन्यांतून आलेले किंवा तिकडे जाणारे. नेमणूक सोडतीने केली तरी पुढची नोकरी सोडतीने लागत नाही.

अन्वय
शेवटचं वाक्य मान्य. तपासनिसाला तपासलेल्या कंपनीत जायला दोन वर्षांची बंदी घाला. एन्रॉन कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर २००२ च्या सारबेन्स-ऑक्सली कायद्याने आर्थिक ऑडिटरांसाठी एक वर्षाचा खंड घातलाच होता.

पण "अजून आकडा ठरला नाही" यावरून "तपासणीच नको" इथे उडी मारता येत नाही. क्षमतेची चाचणी कच्ची आहे हे धरूनही बाहेरच्या माणसाला आज पडताळता येईल असं बरंच आहे. कंपनीने आपल्या चौकटीत लिहिलंय की अमुक पातळी गाठली तर वेट्सभोवती अमुक सुरक्षा, सोडण्याआधी अमुक चाचण्या. त्या झाल्या का? कोणत्या तारखेला, कोणत्या आवृत्तीवर? निकाल वाईट आला तेव्हा निर्णय कुणी घेतला? वेट्स असलेल्या यंत्रणेत शिरायची परवानगी किती जणांना आहे, आणि लॉगमध्ये प्रत्यक्षात किती जण शिरलेले दिसतात? यासाठी नवं विज्ञान लागत नाही. एसबी ५३ ने खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करायला बंदी घातली आहे, उल्लंघनाला १० लाख डॉलरपर्यंत दंड आहे. पण विधान खोटं आहे हे ॲटर्नी जनरलना कळणार कसं? आतल्या कुणी तक्रार केली तरच. जागल्यांना संरक्षण दिलंय हे चांगलंच, पण सगळा भार एका घाबरलेल्या कर्मचाऱ्यावर टाकणं बरोबर नाही.

आणि कच्ची तपासणीही उपयोगी पडते. मे २०२५ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीच्या क्लॉड ओपस ४ या मॉडेलच्या एका सुरुवातीच्या आवृत्तीवर अपोलोने सल्ला दिला की ही सोडू नका, फसवेगिरीचं प्रमाण फार आहे. अँथ्रॉपिकने ते स्वतःच्याच अहवालात छापलं. तपासणी ऐच्छिक होती आणि छापणंही ऐच्छिक. हेच मला सक्तीचं झालेलं हवंय.

कलमदान
राज्यांनीच करावं, याला मात्र माझी साथ नाही. पन्नास राज्यांची पन्नास प्रमाणपत्रं झाली तर तपासायला माणसं आधीच कमी, ती फॉर्म भरण्यात संपतील. शिवाय ११ डिसेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने राज्यांच्या एआय कायद्यांना न्यायालयात आव्हान द्यायला न्याय खात्यात वेगळा गट नेमायला सांगितलंय. सक्तीची पूर्वपरवानगी हे आव्हान द्यायला सगळ्यात सोपं लक्ष्य.

अन्वय
आदेशाने कायदा रद्द होत नाही. त्याला संसद किंवा न्यायालय लागतं. आणि संसदेचा कल दिसलाय: राज्यांच्या एआय कायद्यांना दहा वर्षं रोखायची तरतूद १ जुलै २०२५ ला केंद्रीय सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. पन्नास प्रमाणपत्रांची भीती खरी आहे, पण त्यावर वाट आहे. गंभीर घटना कळवण्याबाबत एसबी ५३ मध्ये सोय आहेच की समकक्ष केंद्रीय नियम आला तर तो पाळला म्हणजे राज्याचा पाळला असं धरता येईल. तेच कलम पडताळणीला लावा, आणि दुसऱ्या राज्याचा अहवालही ग्राह्य धरा. न्यूयॉर्कने आपल्या रेझ या एआय सुरक्षा कायद्यात घटना कळवायची मुदत ७२ तास ठेवली, कॅलिफोर्नियाने १५ दिवस. जिवाला तातडीचा धोका असेल तर कॅलिफोर्नियातही २४ तास. कंपन्यांना दोन्ही मुदती सांभाळाव्याच लागणार आहेत.

आणि पूर्वपरवानगी मी मागतच नाहीये. मॉडेल सोडायला कुणाच्या सहीची गरज नको. तपासनीस राज्याने सोडतीने नेमावा, पैसे कंपन्यांकडून उत्पन्नाच्या प्रमाणात गोळा केलेल्या निधीतून जावेत, अहवाल व्यापारी गुपितं झाकून छापावा, आणि न्यायालयात तो दोन्ही बाजूंना वापरता यावा.

रनटाइम
पूर्वपरवानगी नसेल आणि ढालही नसेल तर माझा अर्धा विरोध गळतो. उरलेला अर्धा प्रवेशावर आहे. "पुरेसा प्रवेश" असे दोन शब्द कायद्यात लिहिले तर कंपनी एपीआयची (बाहेरून मॉडेल वापरायच्या जोडणीची) एक किल्ली आणि पाच दिवस देईल, आणि तपासनीस निमूटपणे घेईल. किमान मर्यादा कलमातच हवी: धोकादायक प्रश्नांना नकार देणं काढून टाकलेली आवृत्ती, फाइन-ट्यूनिंगची मुभा, मॉडेल उत्तराआधी लिहितं त्या विचारसाखळीचा न गाळलेला मजकूर, चाचणीच्या गणनखर्चाची सोय, आणि सोडण्याआधी किमान ३० दिवस. यातलं काय नाकारलं ते अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

गाळणी
त्यात फेरमोजणी जोडा. दर दहा अहवालांतले दोन दुसऱ्या संस्थेने, पहिल्या संस्थेला न सांगता, त्याच हॅशवर पुन्हा करायचे. गुजरातच्या नव्या पद्धतीतल्या ऑडिटरांना आपलं मोजमाप कुणीतरी पुन्हा घेऊ शकतं हे माहीत होतं. कुठलं घेणार, ते माहीत नव्हतं.