धारावीच्या हिकमतीचं कौतुक करावं की नाही?

खाडीकाठ (धागाकर्ता):
पुनर्विकासाचा विषय निघाला की धारावीबद्दल एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'कष्टाळू लोक आहेत, कुठेही ठेवा, पोट भरतील.' माझा याला ठाम विरोध आहे. तिथली हिकमत जमिनीला धरून आहे. 'तेरा कंपाउंड' या भंगाराच्या भागात प्लास्टिक रंग आणि जात बघून निवडतात, दळतात, धुतात, पत्र्यांवर वाळवतात आणि शेवटी ते वितळवून त्याचा दाणा करतात, म्हणजे नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल. निवडणारा एका गाळ्यात, दळणारा पलीकडच्या, टेम्पो बोळाच्या तोंडाशी. कुंभारवाड्यात १९३०च्या दशकात सौराष्ट्रातून आलेले कुंभार वसले; त्यांच्या भट्ट्या आजही घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पेटतात. भट्टी दहाव्या मजल्यावर नेता येत नाही. आधी धंदा कुठे बसणार ते ठरवा, मग घरांचे नकाशे काढा.

नळावरची:
दादा, तुम्ही गाळे नीट पाहिलेत, पण घरं पाहिली नाहीत. मी नव्वद फूट रोडच्या मागच्या बोळात वाढले. रात्री संडासला जायचं तर आईला उठवायचं, कारण एकटं जायची सोय नाही. पहाटे पाणी आलं की पिंपं, कळश्या, पातेली, दिसेल ते भरायचं. नळाची पाळी चुकली तर शेजारीण दोन हंडे द्यायची, हेही खरं, आणि तिचे उपकार मी विसरणार नाही. पण म्हणून ते दिवस चांगले होते असं मला कोणी सांगू नये. दाराला आतून कडी असलेला स्वतःचा संडास मिळत असेल तर मी टॉवरमध्ये आनंदाने जाईन.

पत्र्याखाली:
ताई म्हणतात ते पटतं. २०२०चं उदाहरण घ्या. १ एप्रिलला धारावीत पहिला कोरोना रुग्ण सापडला, आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याबद्दल धारावीचं नाव घेतलं. लोकांनी साथ दिलीच. पण पालिकेचे कर्मचारी आणि वस्तीतले खासगी डॉक्टर बोळाबोळांत फिरले, शाळा आणि क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेतलं, म्हणून ते जमलं. नुसत्या हिकमतीवर सोडलं असतं तर माणसं मेली असती.

खाडीकाठ:
संडास हवा यावर वाद नाहीच. पण टॉवर म्हणजे सुटका, हे कशावरून? मानखुर्द-गोवंडीच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारती बघा. इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांना ऊन-वारा मिळत नाही, आणि तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. शिवाय लिफ्ट आणि देखभालीचा महिन्याचा खर्च वेगळाच. आणि मोफत घर तरी सगळ्यांना कुठे आहे? पुनर्विकासाच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०००पूर्वीपासून तळमजल्यावर असलेल्यालाच ते धारावीत मिळणार. पोटमाळ्यावरचा भाडेकरू धारावीबाहेर. दाण्याचं मशीन चालवणारा बहुधा तोच असतो!

पत्र्याखाली:
मग भांडा नियमांशी. 'धंदा आधी, घर नंतर' म्हणालात की आणखी वीस वर्षं काहीच होणार नाही. या पुनर्विकास प्रकल्पाची सुरुवातच २००४ची आहे.

नळावरची:
दादा, पोटमाळ्याचं तुमचं बरोबर आहे. आमच्याही माळ्यावर भाडेकरू होते, आणि आमचं घर त्यांच्या भाड्यावर चालायचं. माझी मागणी साधी आहे. घरं लॉटरीने वाटू नका, गल्लीप्रमाणे वाटा. आमच्या बोळातल्या बायकांची भिशी आहे. उपड्या टोपल्यांवर पापड वाळत घातले की एक पापडांवर लक्ष ठेवते, एक सगळ्यांच्या पोरांवर. त्या बायका चार इमारतींत गेल्या तर पोरं सांभाळणार कोण? आणि प्रत्येक मजल्यावर ऊन येईल असा रुंद व्हरांडा द्या.

खाडीकाठ:
व्हरांड्याला माझा पाठिंबा. पण कुंभारांची भट्टी व्हरांड्यात मावत नाही, ताई. त्यांना जमिनीवरच जागा लागेल, आणि ती धारावीतच.